कपाटात पडलेले कार्डही बोलते! क्रेडिट कार्डची नोंद ‘सिबिल’पर्यंत कशी पोहोचते?

नाकाडोंगरी, ता. तुमसर : आमच्या गावातल्या एका मुलीला नागपूरच्या फार्मसी कॉलेजात प्रवेश मिळाला. घरात आनंद होता, पण फीचा आकडा मोठा. वडील धानाची शेती करतात, हाती पगार नाही. म्हणून शैक्षणिक कर्जासाठी नागपुरात नोकरी करणारा मोठा भाऊ सहअर्जदार झाला. व्याजाचे कर्ज नकोच, असे घरातल्यांचे आधी म्हणणे होते; पण मुलीचे वर्ष वाया जाईल म्हणून कसेबसे तयार झाले. बँकेत कागद दिले. चार दिवसांनी फोन आला, “भाऊ, तुमच्या मुलाचं सिबिल खराब आहे. आधी ते मिटवून या.”

मुलगा चक्रावला. “मी तर कोणाचं एक रुपयाही कर्ज ठेवलं नाही,” तो म्हणाला. रिपोर्ट काढून पाहिला तेव्हा उलगडा झाला. दोन-अडीच वर्षांपूर्वी त्याने एक क्रेडिट कार्ड घेतले होते. त्यावर सहा हप्त्यांत मोबाइल घेतला, सहाही हप्ते वेळेवर भरले आणि कार्ड कपाटात टाकले. मधल्या काळात मोबाइल नंबर बदलला, बँकेला कळवला नाही. वर्ष उलटल्यावर कार्डाची वार्षिक फी लागली : ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० रुपये. बिल जुन्या नंबरवर जात राहिले. ५९० रुपयांवर दर महिन्याला उशिराचा दंड आणि त्या दंडावर पुन्हा जीएसटी चढत गेला. रक्कम काही हजारांवर गेली आणि रिपोर्टमध्ये या मुलाच्या नावापुढे थकबाकीदाराची नोंद झाली.

बँकेचे नाव येथे देत नाही, कारण मुद्दा एका बँकेचा नाही. डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीज खाणीत पगारावर असलेल्यांपासून नागपूर-पुण्यात कामाला गेलेल्या पोरांपर्यंत आता बऱ्याच जणांच्या खिशात कार्ड आहे. कार्ड कसे वापरायचे हे सगळ्यांना कळते. कार्डाची खबर कुठे जाते, कधी जाते आणि त्यात काय लिहिलेले असते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

वही कोण ठेवतो?

आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण सिबिल ही एकच कंपनी नाही. भारतात रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. त्यांना पतमाहिती कंपन्या किंवा क्रेडिट ब्युरो म्हणतात. त्यांचे काम २००५ च्या पतमाहिती कंपनी कायद्याखाली चालते. बँका, फायनान्स कंपन्या आणि महिलांच्या गटांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स संस्थांनाही कर्जदारांची माहिती या चारही कंपन्यांना द्यावी लागते.

ब्युरो स्वतः कर्ज देत नाही, कोणाचे कर्ज नाकारतही नाही. बँकेने पाठवलेली माहिती एका जागी लावणे आणि दुसऱ्या बँकेने विचारले की दाखवणे, एवढेच त्याचे काम. त्या माहितीवरून ३०० ते ९०० मधला एक आकडा काढला जातो, तो स्कोअर. चारही कंपन्यांची हिशेबाची पद्धत वेगवेगळी असल्याने एकाच माणसाचे चार स्कोअर थोडे वेगळे असू शकतात.

रिपोर्टमध्ये काय जाते, काय जात नाही?

कार्डाबद्दल साधारण पुढील गोष्टी जातात : कार्ड कधी उघडले, खर्चाची मर्यादा किती, नोंदीच्या दिवशी किती पैसे बाकी होते, त्यातले थकलेले किती, शेवटचा भरणा कधी झाला, किती दिवस उशीर झाला आणि खाते चालू आहे की बंद. सोबत नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, फोन नंबर अशी ओळखीची माहिती असते.

तुम्ही किराणा घेतला की सोने, हज-उमराहचे तिकीट काढले की दवाखान्याचे बिल भरले, हे ब्युरोकडे जात नाही. त्याला फक्त एकूण बाकी दिसते. बचत खात्यातली शिल्लक, डेबिट कार्डाचा खर्च, बँक खात्यातून केलेला यूपीआय व्यवहार यांचीही नोंद तिथे होत नाही. मात्र आता रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड स्कॅन करून असे कार्डाचे पैसे दिले, तर ते दहा रुपयेही उधारच असतात आणि कार्डाच्या बाकीत मोजले जातात.

एक शंका आपल्या समाजात अनेकदा ऐकू येते, की नाव पाहून किंवा मोहल्ला पाहून स्कोअर कमी लावतात का? रिपोर्टमध्ये धर्माचा किंवा जातीचा रकाना नसतो. पत्ता असतो, पण तो ओळख पटवण्यासाठी.

नावाचा घोळ मात्र खरोखर होतो. आधारवर ‘मोहम्मद’, पॅनवर ‘मो.’, शाळेच्या दाखल्यावर ‘महंमद’. कुठे ‘शेख’ आधी, कुठे नंतर. त्यात जुन्या पिढीतल्या अनेकांची जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जुलै लावलेली. माहिती जुळवताना नाव, जन्मतारीख, पॅन, फोन, पत्ता हे सगळे पाहिले जाते. ही माहिती जागोजागी वेगळी असेल, तर एकाच माणसाचे दोन रिपोर्ट तयार होऊ शकतात किंवा दुसऱ्याचे कर्ज तुमच्या नावाखाली येऊन बसू शकते. म्हणून पॅन, आधार आणि बँक खाते तिन्हीकडे नावाचे स्पेलिंग एकच करून घ्या. हे काम आज कंटाळवाणे वाटते, पण कर्जाच्या किंवा नोकरीच्या वेळी ते सुधारायला वेळ उरत नाही.

माहिती कधी जाते?

पूर्वी बँका महिन्यातून एकदा माहिती पाठवायच्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२४ मध्ये आदेश काढून १ जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्याला पाठवणे सक्तीचे केले. महिन्याची १५ तारीख आणि शेवटचा दिवस या दोन दिवसांची स्थिती धरायची, पुढच्या सात दिवसांत ती ब्युरोला पाठवायची आणि ब्युरोने पाच दिवसांत ती रिपोर्टवर चढवायची, अशी ती व्यवस्था. हे अंतर आणखी कमी करून आठवड्यावर आणण्याचे पाऊलही रिझर्व्ह बँकेने उचलले आहे.

इथे एक बारीक गोष्ट आहे. बिल भरण्याची तारीख वेगळी आणि नोंद घेण्याची तारीख वेगळी. समजा, तुमच्या कार्डाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. घरात निकाह होता म्हणून महिन्याच्या १० तारखेपर्यंत ४२,००० रुपये खर्च झाले. बिल भरायची शेवटची तारीख अजून दूर आहे आणि तुम्ही पै न पै वेळेवर भरणार आहात. पण १५ तारखेच्या नोंदीत ‘५० हजारांपैकी ४२ हजार बाकी’ असेच जाणार. म्हणजे मर्यादेचा ८४ टक्के वापर. काहीही चूक नसताना त्या पंधरवड्यात स्कोअर थोडा खाली येऊ शकतो. वापर साधारण ३० टक्क्यांच्या आत राहिला तर बरा, असे जाणकार सांगतात. हा कायद्याचा आकडा नाही, ढोबळ हिशेब आहे. पैसे भरून बाकी उतरली की पुढच्या नोंदीत हा परिणाम निघूनही जातो. तेव्हा घाबरायचे कारण नाही. पण येत्या महिन्यात कर्जासाठी अर्ज करायचा असेल, तर बिलाची वाट न पाहता मध्येच पैसे भरून बाकी कमी करून ठेवावी.

उशीर कधीपासून मोजतात?

क्रेडिट कार्डांबाबत रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यानुसार बिलावरच्या शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त काळ रक्कम थकली, तरच बँक ती थकबाकी म्हणून ब्युरोला कळवू शकते किंवा उशिराचा दंड लावू शकते. शेवटची तारीख ५ असेल आणि तुम्ही ८ तारखेपर्यंत भरले, तर उशिराची नोंद नाही आणि दंडही नाही. पण एकदा तीन दिवस ओलांडले की मोजणी थेट ५ तारखेपासून होते. तीन दिवसांची सूट मग वजा होत नाही.

रिपोर्टमध्ये महिन्यांचे चौकोन असतात, साधारण मागच्या ३६ महिन्यांचे. प्रत्येक चौकोनात उशिराचे दिवस लिहिलेले असतात. ‘०००’ म्हणजे उशीर नाही. ‘०३०’ म्हणजे तीस दिवस थकले. ९० दिवसांच्या पुढे गेले की बँक ते खाते बुडीताच्या वाटेवरचे, म्हणजे एनपीए धरते. आमच्या गावच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये हे चौकोन एकामागून एक चढत गेलेले होते. रक्कम पाहिली तर मूळ ५९० रुपयेच. चौकोनातला आकडा दिवसांचा असतो; रक्कम लहान की मोठी, हे त्याला कळत नाही.

थकबाकीदार म्हणून कळवण्याआधी बँकेने ग्राहकाला सात दिवसांची नोटीस दिली पाहिजे, असाही नियम आहे. पण नोटीस जाणार ती बँकेकडे असलेल्या पत्त्यावर आणि नंबरवर. सिम बदलले की पहिला फोन बँकेला करा, तो यासाठी.

व्याज भरल्याशिवाय स्कोअर बनत नाही का?

हा गैरसमज आपल्याकडे फार पसरला आहे. “थोडी बाकी ठेवावी, थोडं व्याज जाऊ द्यावं, म्हणजे सिबिल बनतं,” असे मोबाइलच्या दुकानातही सांगतात. हे साफ चूक आहे. तुम्ही किती व्याज भरले, हे स्कोअरमध्ये मोजले जात नाही. मोजले जाते ते तारीख पाळली का आणि बाकी किती आहे. दर महिन्याला पूर्ण बिल भरणारा, एक पैसा व्याज न देणारा माणूस उत्तम स्कोअर ठेवू शकतो. सूद टाळणाऱ्या माणसाला ब्युरोच्या वहीत कोणताही तोटा नाही.

याची उलट बाजूही समजून घ्या. बिलावर ‘किमान देय रक्कम’ लिहिलेली असते. तेवढीच भरली तरी रिपोर्टमध्ये ‘०००’ येते, सगळे छान दिसते. पण उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होते. ते अनेक कार्डांवर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर असते, म्हणजे वर्षाला ३६ टक्क्यांहून अधिक. नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही तेव्हा जाते. रिपोर्ट स्वच्छ आणि माणूस सुदात गळ्यापर्यंत, असे होऊ शकते. चांगला स्कोअर म्हणजे व्यवहार चांगला, असे समजू नका.

कार्ड मुळात घ्यावे की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. करारातच व्याजाची अट असते म्हणून काही जण ते टाळायला सांगतात; वेळेत पूर्ण बिल भरण्याची खात्री असेल तर काही जण मुभा देतात. हा लेख फतवा नाही. आपण ज्यांना विचारतो त्या आलिमांना विचारावे. इथे सांगायचे एवढेच, की कार्ड घेतले असेल तर ते पहिल्या दिवसापासून कर्जाचे खाते आहे, वापरले तरी आणि नाही वापरले तरी.

आपले कार्ड दुसऱ्याला

मेहुण्याला फ्रिज घ्यायचा आहे, मित्राला मोबाइल हप्त्यावर हवा आहे, त्याच्याकडे कार्ड नाही, मग “भाई, तुझ्या कार्डावर घेऊ दे, मी हप्ता देत जाईन.” संकोचाने आपण हो म्हणतो. रिपोर्टमध्ये मेहुण्याचे किंवा मित्राचे नाव कुठेच येत नाही. त्याचा हप्ता चुकला की दिवस तुमच्या नावावर मोजले जातात. मुलाला किंवा बायकोला काढून दिलेल्या जोडकार्डाचेही तेच. भरण्याची जबाबदारी मूळ कार्डधारकाची. मदत करायची असेल तर ऐपतीप्रमाणे रोख कर्ज-ए-हसना द्या, कार्ड देऊ नका.

‘सेटल’ आणि ‘क्लोज’ यात फरक आहे

थकबाकी वाढली की वसुलीवाल्यांचा फोन येतो. या मुलालाही आला, “अर्धे भरा, विषय संपवून टाकू.” ऐकायला सोपे वाटते. पण अर्ध्यात मिटवलेले खाते रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ म्हणून येते. याचा अर्थ या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, बँकेने नुकसान सोसले. पुढचा कर्ज देणारा हा शब्द पाहून मागे सरतो. पूर्ण रक्कम भरून बंद केलेले खाते ‘क्लोज्ड’ म्हणून येते. ऐपत असेल तर पूर्ण भरावे आणि ‘काही बाकी नाही’ असे लेखी पत्र घ्यावे. दंड चुकीचा वाटत असेल तर भरण्याआधी बँकेकडे लेखी तक्रार करून तो कमी करून घ्यावा. त्यालाही तक्रारीनंतर काही दंड माफ झाला. उरलेली सगळी रक्कम त्याने भरली.

हिशेब चुकता झाल्यावर ३० दिवसांत बँकेने ब्युरोकडची नोंद सुधारली पाहिजे, असा नियम आहे. मात्र सुधारणा म्हणजे जुने पुसणे नव्हे. ‘आता बाकी शून्य’ असे येते, पण मागच्या महिन्यांच्या चौकोनातले उशिराचे दिवस तिथेच राहतात. ते काळानेच मागे पडतात. पैसे घेऊन “सिबिल साफ करून देतो” म्हणणाऱ्या एजंटांपासून म्हणूनच लांब राहा. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.

नको असलेले कार्ड कसे बंद करावे?

कात्रीने कापले म्हणजे कार्ड बंद होत नाही. बँकेच्या ॲपवर, ईमेलने किंवा फोनवर बंद करण्याची विनंती करावी लागते. बाकी शून्य असेल तर सात कामकाजी दिवसांत बँकेने खाते बंद केले पाहिजे. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपयांप्रमाणे भरपाई ग्राहकाला द्यावी लागते. विनंतीचा क्रमांक जपून ठेवा आणि दोन महिन्यांनी रिपोर्टमध्ये ‘बंद’ असे आले का, ते पाहा.

न मागता कार्ड पाठवणे बँकांना मना आहे. नवे कार्ड तुम्ही सुरूच केले नसेल, तर त्याची माहिती ब्युरोला पाठवता येत नाही. मॉलमध्ये किंवा स्टेशनवर “फ्री आहे, फक्त ओटीपी सांगा” म्हणणाऱ्याला ओटीपी देण्याआधी विचारा, फ्री कायमचे की पहिल्या वर्षापुरते?

आपला रिपोर्ट फुकट पाहा

चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट, स्कोअरसह, मोफत द्यायचा असतो. दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा काढला, तर वर्षभर लक्ष राहते. त्यांच्या अधिकृत वेबसाइटवर पॅन आणि मोबाइल नंबर लागतो. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. तुम्ही कर्जासाठी अर्ज केल्यावर बँक पाहते, ती चौकशी मात्र रिपोर्टमध्ये उमटते. म्हणून एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकू नका.

चूक दिसली तर ब्युरोच्या वेबसाइटवर आणि बँकेकडे, दोन्हीकडे तक्रार करा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे. त्यातले पहिले २१ दिवस बँकेने दुरुस्त माहिती ब्युरोला पाठवण्यासाठी. ३० दिवस उलटले तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा फोन नंबर आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून ब्युरो कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. या तक्रारीला वकील लागत नाही, फी लागत नाही.

“आम्हाला कर्ज घ्यायचंच नाही, मग रिपोर्ट कशाला?” असे कोणी म्हणेल. बँकांच्या नोकरभरतीतही उमेदवाराचा रिपोर्ट तपासला जातो. खराब रिपोर्टमुळे स्टेट बँकेने रद्द केलेली एका उमेदवाराची नेमणूक मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कायम करण्यास नकार दिला. आणि ज्यांनी कधीच कर्ज घेतले नाही, त्यांनी घाबरू नये. जुना इतिहास नाही, एवढ्याच कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे.

शेवटी त्या मुलीचे काय झाले?

रिपोर्ट सुधारेपर्यंत फीची तारीख थांबणार नव्हती. तुमसरच्या एका नातेवाइकांनी पहिल्या वर्षाची फी कर्ज-ए-हसना म्हणून दिली. मुलीचा प्रवेश झाला. देताना त्या बुजुर्गांनी एकच अट घातली : कागदावर लिही, तारीख टाक, दोन साक्षीदारांच्या सह्या घे. मुलाला थोडे अपमानास्पद वाटले, घरच्यातच कागद कशाला? तेव्हा त्यांनी सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीची आठवण करून दिली. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा, मग तो लहान असो की मोठा, हा हुकूम त्याच आयतीत आहे.

त्या कागदाची एक प्रत आता मुलाकडे आहे, एक चाचांकडे. आपल्याबद्दल काय लिहिले आहे, हे दोघांनाही माहीत आहे. ब्युरोच्या वहीत आपल्याबद्दल काय लिहिले आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे? या जुम्याला नमाजनंतर दहा मिनिटे काढा, मोबाइलवर आपला रिपोर्ट उघडा आणि घरातल्या कपाटात पडलेली कार्डे मोजा.